पडेगावातली फेलोशिप

निवड झाल्याची मेल आली तेव्हा माझा नवरा गच्चीवर होता. त्या दिवशी आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं होतं, आणि पडेगावात नळाला पाणी येतं त्या दिवशी घरात दुसरं काही काम होत नाही. मी खाली मोटारीच्या बटणापाशी उभी होते, तो वर टाकीत डोकावत होता. वरून त्याची हाक आली. टाकी भरली असं समजून मी मोटार बंद केली. तो धडधडत जिना उतरला, फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "झालं!"

"एवढ्यात भरली?" मी विचारलं.

मग काय झालं ते कळल्यावर आम्ही दोघं जिन्यातच बसून हसलो. हसण्याच्या नादात मोटार परत सुरू करायची राहिली. तोवर पाणी गेलं आणि पुढचा आठवडा आम्ही अर्ध्या टाकीवर काढला. त्याचं काही वाटलं नाही. त्याला आधी दोनदा नकार आला होता.

तो वाळूजच्या एका कारखान्यात कंप्युटर विभागात होता. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, पगार नियमित, काम कंटाळवाणं. मी शहरातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. तो फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातला, मी शहरात वाढलेली, माझे वडील कोर्टात कारकून होते. लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत असू, सासरी गेलं की मी 'अहो' म्हणायची आणि तो गालात हसायचा.

लग्नानंतर वर्षभरातच त्याला या विषयाची ओढ लागली. कामावरून आला की जेवण करून वाचत बसायचा. आज माणसासारखी बोलणारी, लिहिणारी यंत्रं तयार झाली आहेत, उद्या ती माणसापेक्षा हुशार झाली तर आपलं ऐकतील का, आपल्याला फसवतील का, आणि ते आपल्याला वेळेत कळेल का, असा तो सगळा अभ्यास. त्यात शिकणाऱ्यांसाठी अशा फेलोशिप असतात. एक अनुभवी संशोधक मार्गदर्शक म्हणून मिळतो. काही महिने त्याच्या हाताखाली एकच प्रश्न घेऊन काम करायचं, घर चालेल एवढं मानधन मिळतं, आणि शेवटी काय सापडलं ते सगळ्यांसमोर मांडायचं. काम चांगलं वाटलं तर काहींना पुढचे सहा महिने मिळतात. जगभरातून माणसं अर्ज करतात. पडेगावातून कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

सासरी सांगायला आम्ही फुलंब्रीला गेलो तेव्हा सासरे ओसरीत अद्रकाचं बेणं निवडत बसले होते. नासकं एका बाजूला, चांगलं पोत्यावर. त्यांनी मान वर केली नाही.

"नोकरी सोडली म्हन्तो?"

"सोडली, बाबा."

"मंग आता कुठं जाणार?"

"कुठं नाही. घरीच बसून काम आहे."

"पगार हाय ना?"

"आहे."

"मंग झालं," असं म्हणून त्यांनी पुढचा गड्डा उचलला. सासूबाई मात्र अस्वस्थ झाल्या. दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "पण लोकायला काय सांगू? पोरगं घरी बसलंय म्हनू?" नवरा म्हणाला, "सांग, परदेशातल्या मॅडमच्या हाताखाली शिकतोय." ते त्यांना पटलं. महिनाभरात अर्ध्या गावाला कळलं होतं.

त्या मॅडमना आम्ही घरात 'बाई' म्हणायचो. पन्नाशीच्या असाव्यात. केस अगदी बारीक कापलेले, मागं पुस्तकांचं कपाट आणि एक खिडकी, तिच्यावर बहुतेक वेळा पाऊस. आठवड्यातून एकदा आमच्या संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ फोन असायचा, तेव्हा तिकडं सकाळ असायची. आमचं झोपायच्या खोलीतलं टेबल रस्त्याच्या बाजूच्या खिडकीखाली होतं. दौलताबादकडून परतणाऱ्या गाड्यांचे हॉर्न थेट आत यायचे, म्हणून फोनच्या वेळी तो खिडकीवर गोधडी लटकवायचा. एकदा गोधडी मधेच खाली पडली आणि बाईंना एका ट्रकचा लांबलचक गाण्याचा हॉर्न ऐकू आला. त्या इतक्या हसल्या की मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. तेव्हापासून त्या फोनच्या सुरुवातीला विचारायच्या, आज रस्ता कसा आहे?

मला इंग्रजी कळायला वेळ लागतो, पण त्यांचा एक प्रश्न मला पाठ झाला. तो उत्साहानं काही सांगायला लागला की त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, हे तुला कसं माहीत? रागानं नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. तो अडायचा, मग पुढचे दोन दिवस त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जायचे. मी वर्गात मुलींना तोच प्रश्न विचारायला लागले. मुली आधी गांगरल्या, मग त्यांना सवय झाली.

त्याचं काम काय आहे ते त्यानं मला एकदा भाकरी खाताना समजावलं. "तुमच्या शाळेत तपासणीला साहेब येतात त्या दिवशी मुली कशा बसतात?"

"हाताची घडी घालून."

"आणि एरवी?"

"एरवी बाजार."

"तेच बघायचं आहे. या यंत्राला कळतं का, की आत्ता आपली परीक्षा चालली आहे? आणि कळलं तर ते तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागतं का?"

"वागत असलं तर?"

"तर आम्ही घेतो त्या सगळ्या परीक्षा फुकट."

त्यानं ते हसत सांगितलं होतं. पावसाळ्याचे ते महिने बरे गेले. तो घरात होता, कामात होता, मी शाळेतून आले की चहा तयार असायचा.

बाईंच्या फोनशिवाय आठवड्यात आणखी एक फोन असायचा, सगळ्या फेलोंचा मिळून. वेगवेगळ्या देशांतली पंचविशी-तिशीची पोरं. त्या फोनवरून तो उठायचा तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला असायचा. त्यांच्यात 'टाइमलाइन' असा एक शब्द होता. हे सगळं हाताबाहेर जायला किती वर्षं लागतील याचा ज्याचा त्याचा अंदाज. कोणी जास्त सांगायचं, कोणी कमी. कमी सांगणाऱ्यांचं बोलणं त्याच्या मनात जास्त राहायचं, हे मला दिसत होतं.

जवळच मिटमिट्याला आम्ही एक प्लॉट बघून ठेवला होता. मालकाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "थोडं थांबू." सासऱ्यांनी पेरूचं रोप पाठवलं होतं, ते त्यानं गॅलरीत ठेवलं आणि ते पिशवीतच वाळलं. दात दुखत होता तर डॉक्टरनं सांगितलेली कॅप बसवायला गेला नाही. विचारलं की म्हणायचा, "चालतंय एवढ्यावर." एका संध्याकाळी मी वह्या तपासत होते, त्यानं विचारलं, "तुझ्या सहावीतल्या मुली मोठेपणी काय होणार म्हणतात?"

"डॉक्टर. पोलीस. एकीला बस चालवायची आहे."

तो माझ्या हातातल्या वहीकडं बघत राहिला, आणि मग उठून दुसऱ्या खोलीत गेला. मला त्या मुलींविषयी काहीतरी वाईट बातमी ऐकल्यासारखं वाटलं.

आमचं ठरलं होतं की त्या दिवाळीनंतर मुलाचा विचार करायचा. माझी तिशी उलटली होती, पण घाई नव्हती. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं, आणि ते ठरवलं तेव्हा जास्त आनंद त्यालाच झाला होता. भाऊबीज झाली, पाहुणे गेले. एका संध्याकाळी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते, तो मदतीला आला.

"दिवाळी झाली," मी म्हणाले.

"हं."

"आपलं ठरलं होतं ना."

त्यानं दोरीवरची चादर काढून घडी घालायला घेतली. बराच वेळ घडीच घालत होता.

"मला नाही वाटत आपण कोणाला आणावं," तो म्हणाला.

"आणावं म्हणजे?"

"म्हणजे इथं. या सगळ्यात. ते दहा-बारा वर्षांचं होईल तेव्हा काय असेल? मी त्याला काय सांगू? मला अंदाज होता, तरी तुला आणलं?"

"कसला अंदाज? असं किती लोकांना वाटत असेल. त्यांना मुलं नाहीत?"

"त्यांना माहीत नाही."

"आणि तुला माहीत आहे?" माझा आवाज चढला. "हे तुला कसं माहीत?"

बाईंचाच प्रश्न माझ्या तोंडून निघाला. तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी त्याच्यावर हात उगारला होता. मग उरलेले कपडे त्यानं घडी न घालताच गोळा केले आणि खाली नेले. मी कठड्याला टेकून रस्त्याकडं बघत उभी राहिले. खाली सीताफळवाल्या बायका टोपल्या आवरत होत्या.

पंधरा दिवसांनी फुलंब्रीला धाकट्या दिराच्या मुलीचं बारसं होतं. घर माणसांनी भरलेलं. मी स्वयंपाकघरात घुगऱ्या ताटलीत काढत होते, सासूबाई शेजारी येऊन बसल्या.

"तुमचं काय? डॉक्टरला दाखवलं का?"

"आई, ह्यांनाच नको आहे."

"कामून?"

"त्यांना भीती वाटते."

"कशाची? खर्चाची?"

"नाही, खर्चाची नाही. पुढं काय होईल त्याची. ते जे काम करतात ना, त्यात…" पुढचं वाक्य मला जुळवता येईना. त्यांना काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, हेच कळेना. बाहेर बायका पाळणा म्हणत होत्या.

सासूबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुझ्यात काही हाय का? मला सांग. मी कोणाला नाय सांगणार. ह्यांनाबी नाय."

त्या मायेनंच विचारत होत्या. मी नाही म्हणाले, पण त्यांचा विश्वास बसला नाही. त्या दिवसापासून त्या मला कोणाकोणाला गुण आलेले डॉक्टर सांगायला लागल्या, डिंकाचे लाडू पाठवायला लागल्या. मी ते शाळेतल्या बायकांना वाटायचे. नवऱ्याला त्यातलं काही सांगितलं नाही.

त्याच सुमारास त्याच्या कामात काहीतरी सापडलं. त्यानं दोन प्रकारचे प्रश्न तयार केले होते. काही स्पष्टपणे परीक्षेसारखे, काही रोजच्या साध्या कामाचे. पहिल्या प्रकारात यंत्र अगदी नियमानं वागत होतं, दुसऱ्यात बेधडक. फरक मोठा होता. त्यानं मला पडद्यावरच्या दोन रेघा दाखवल्या, एक वर, एक खाली.

"बघ, याला कळतंय," तो म्हणाला. "याला कळतंय की आपण बघतोय."

मला त्याच्या आवाजात आनंद आहे की भीती, ते ओळखता आलं नाही. बहुतेक दोन्ही होतं. त्या रात्री तो जेवला नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तेच विचारलं. हे तुला कसं माहीत? या फरकाला दुसरं काही कारण असू शकतं का? मग दोघांनी मिळून तीन आठवडे ते दुसरं कारण शोधलं, आणि ते सापडलं. परीक्षेचे प्रश्न त्यानं नीट, लांब वाक्यांत, काळजीपूर्वक लिहिले होते. रोजच्या कामाचे प्रश्न माणसं लिहितात तसे तुटक, चुका असलेले. दोन्ही प्रकार एकाच धाटणीत लिहून परत तपासलं तर दोन्ही रेघा एकमेकींवर येऊन बसल्या. यंत्राला परीक्षा कळत होती की नाही, ते त्यावरून सांगता येत नव्हतं. ते फक्त लिहिण्याच्या पद्धतीला प्रतिसाद देत होतं.

"मग चांगलंच झालं ना?" मी म्हणाले. "ते फसवत नाही असंच निघालं."

"तसं नाही निघालं," तो म्हणाला. "चांगलं नाही, वाईटही नाही. मला मोजताच आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते फसवत असेल तरी मला दिसलं नसतं."

बाईंनी त्याला सांगितलं की हा प्रामाणिक निष्कर्ष आहे, असाच लिही, पुढच्यांना याचा उपयोग होईल. ते मी स्वतः स्वयंपाकघरातून ऐकलं. त्यानं मात्र त्यातून एवढंच घेतलं की सगळं वाया गेलं.

त्यानंतर तो झोपायला लागला. आधी दुपारी, मग सकाळीही. थंडी होती, पडेगावच्या उघड्या माळावरून वारा येतो तो हाडात शिरतो, आणि मला वाटलं थंडीमुळं पडून आहे. पण मी शाळेतून यायचे तेव्हाही तो तसाच, भिंतीकडं तोंड करून, सकाळचा डबा झाकलेलाच. अंघोळ नाही, दाढी नाही. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, थकलोय." ताप नव्हता. मी रोज कपाळाला हात लावून बघायचे आणि ताप असता तर बरं झालं असतं असं वाटायचं.

बाईंच्या फोनचा दिवस आला. टेबलावरचा लॅपटॉप वाजायला लागला. तो हलला नाही.

"अरे, बाईंचा फोन."

"तू घे."

"मी काय बोलू?"

"सांग बरं नाही." त्यानं पांघरूण डोक्यावर ओढलं.

लॅपटॉप उचलून मी स्वयंपाकघरात नेला आणि ओट्यावर ठेवला. मी कणीक मळत होते, तशाच हातानं बटण दाबलं. पडद्यावर बाई आल्या, मला बघून जरा सरसावून बसल्या. इतके महिने मी त्यांना ऐकत होते, त्या मला पहिल्यांदाच बघत होत्या. मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, त्याला बरं नाही.

ताप आहे का, त्यांनी विचारलं.

तिथं मला हो म्हणता आलं असतं. पण त्या सावकाश, माझ्यासाठी शब्द सुटे करून बोलत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. मी नाही म्हणाले. आणि मग थांबता आलं नाही. तो जेवत नाही, दिवसा झोपतो, बोलत नाही, त्याला वाटतं आता थोडीच वर्षं उरली आहेत, आम्हाला मूल हवं होतं, आता तो नको म्हणतो. माझं व्याकरण सगळं चुकत होतं. बाईंनी मधे एकदाही टोकलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "हे मला आधी दिसायला हवं होतं." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही कशा आहात?"

मला हे कोणीच विचारलं नव्हतं. माझ्या आईनंही नाही, कारण तिला मी काही सांगितलंच नव्हतं. माझे हात कणकेचे होते, डोळे पुसता येईनात, मी दंडानं पुसत राहिले.

"तुम्हाला मुलं आहेत?" मी विचारलं.

"एक मुलगी आहे. शाळेत आहे अजून."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते," त्या म्हणाल्या. "रोज नाही."

मग त्यांनी सांगितलं की त्यानं दोन आठवडे कामाला हात लावायचा नाही, त्याचं त्या बघून घेतील. त्याला डॉक्टरकडं न्या, थांबू नका. आणि हे काम एकट्या माणसानं अंगावर घेण्याचं नसतं, हे आपण त्याला पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं, असंही म्हणाल्या. फोन ठेवताना त्यांनी माझं नाव विचारून घेतलं आणि ते दोनदा म्हणून बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची मेल त्याला आली. मी शाळेतून आले तर तो उठून बसला होता. बऱ्याच दिवसांनी उठलेला बघून मला बरं वाटलं, पण ते क्षणभरच.

"तू बाईंना काय काय सांगितलंस?"

"जे दिसत होतं ते."

"मुलाचंही?"

"हो."

"तू एवढंच सांगायचं होतंस, की बरं नाही."

"तू उठत नव्हतास. मी काय करायला पाहिजे होतं?"

"पुढचे सहा महिने द्यायचे की नाही, ते त्या ठरवणार आहेत." तो ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडले असते. "आता त्यांच्यासमोर मी कोण आहे? डोकं फिरलेला माणूस."

"असं नाही त्या म्हणणार."

"हे तुला कसं माहीत?" तो म्हणाला.

तरी तो माझ्याबरोबर डॉक्टरकडं आला. शहरातल्या एका मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना, बाहेर बाकावर गर्दी. तिथं आमच्या ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून तो मफलर तोंडावर ओढून बसला होता. डॉक्टर शांत होते. त्यांनी त्याच्या भीतीवर वाद घातला नाही, ती खरी की खोटी यात ते पडलेच नाहीत. झोप किती, भूक किती, आधी कधी असं झालं होतं का, हे विचारलं. गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात तो वेळेवर जेवायला लागला. मग सकाळी छावणीपर्यंत चालायला जायला लागला. मग लिहायला बसला, आणि काही सापडलं नाही असं सांगणारा तो निबंध त्यानं पूर्ण केला.

शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर मांडायचं होतं. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, खिडकीला गोधडी लावली. मी दारात उभी राहून ऐकलं. तो चांगला बोलला, न अडखळता. आपण कुठं फसलो ते त्यानं सरळ सांगितलं, आणि पुढं कोणी हे करणार असेल तर काय टाळावं तेही. शेवटी टाळ्या वाजल्या. बाईंनी म्हटलं की हे काम असंच केलं पाहिजे. तो खुर्चीत मागं रेलला तेव्हा किती बारीक झालाय ते मला दिसलं.

पुढच्या सहा महिन्यांसाठी निवडलेल्यांत तो नव्हता. बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. जागा फार थोड्या आहेत, तुझं काम प्रामाणिक आहे, पुढच्या वेळी जरूर अर्ज कर, मी लिहून देईन. तो "हो, हो, थँक यू" म्हणत होता. फोन ठेवला आणि खिडकीवरची गोधडी काढून घडी घालून कपाटात ठेवली.

माझ्या त्या बोलण्यामुळं असं झालं का, ते त्यानं मला कधी विचारलं नाही. मीही कधी विषय काढला नाही. बाईंना एकदा लिहून विचारावं असं पुष्कळदा मनात आलं. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण त्या काय, नाहीच म्हणणार. खरं असलं तरी आणि नसलं तरी. बाईंनी तसं केलं असेल असं मला वाटत नाही. पण नक्की माहीतही नाही, आणि आता कळायचा मार्ग उरलेला नाही.

त्यानं परत अर्ज केला नाही. चिकलठाण्याला एका छोट्या कंपनीत नोकरी मिळाली, पहिल्यापेक्षा कमी पगाराची. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोज बाइकवर जातो. गोळ्या हळूहळू कमी झाल्या, मग बंद झाल्या. पुस्तकं त्यानं एका महाविद्यालयातल्या ओळखीच्या मास्तरांना दिली. टीव्हीवर त्या यंत्रांची काही बातमी लागली की तो चॅनेल बदलतो. रागानं नाही, सहज बदलल्यासारखं. सासरी आता कोणी मॅडमचं विचारत नाही. बाईंचा दिवाळीला एक संदेश यायचा, त्यात माझंही नाव असायचं. गेल्या दिवाळीला आला नाही.

मधल्या काळात मुलाचा विषय आमच्यात निघाला नाही. लाडू यायचेही थांबले.

गेल्या हिवाळ्यात फुलंब्रीहून परत येताना वाटेत चौका गावात चहाला थांबलो होतो. दिराची मुलगी आता पळते, बोलते. त्या दिवशी ती सारखी त्याच्या खांद्यावर बसायचा हट्ट करत होती, आणि तो तिला घेऊन अंगणभर फिरत होता. चहा हातात घेऊन तो म्हणाला, "मला वाटतं आता बघावं का आपण."

"काय?"

"मुलाचं."

त्यानं ते हलकंच म्हटलं, पण म्हणायला त्याला किती दिवस लागले असतील ते मला समजलं.

"तुला भीती नाही वाटत आता?"

"वाटते. पण कमी. चालेल इतकी."

मला आनंद व्हायला हवा होता. त्या गच्चीवरच्या संध्याकाळपासून मी हेच ऐकायची वाट बघत होते. पण मी चहाच्या पेल्याकडं बघत राहिले आणि आतून काहीच वर येईना. ते सगळे महिने त्याचं ते सगळं मीही स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं होतं. तो बरा झाला, त्यानं ऐकलेलं बाजूला ठेवलं, पुस्तकं देऊन टाकली. मला कोणी गोळ्या दिल्या नव्हत्या. माझ्या वर्गातल्या मुली आता निबंध त्या यंत्राकडून लिहून आणतात, छान लिहून आणतात, आणि मी फळ्यासमोर उभी असताना मधेच माझ्या मनात येतं की या तिशीच्या होतील तेव्हा काय असेल. मग मी नकाशाकडं वळते आणि नद्या दाखवत राहते. हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. मला स्वतःलाही त्या चहाच्या टपरीवर पहिल्यांदा नीट कळलं.

"मला थोडा वेळ दे," मी म्हणाले.

"किती?"

"माहीत नाही."

तो माझ्याकडं बघत राहिला. काय झालं असावं ते त्याच्या लक्षात आलं असणार, कारण त्यानं का म्हणून विचारलं नाही. पेले ठेवले, चहाचे पैसे दिले, माझ्या स्वेटरची वरची गुंडी लावली आणि बाइकला किक मारली. घाटात गार वारा होता. मी त्याच्या पाठीला टेकून बसले, हर्सूल येईपर्यंत तशीच.

त्यानंतर त्यानं परत विचारलेलं नाही. माझंही उत्तर तयार नाही.